फ्लेक्सवर पैसे घालण्याआधी सुपारी कोण देतं ते बघा

या महिन्यात कार्यक्रमवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत, सीझन तोंडावर आलाय म्हणून असेल. तीन निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीच्या दोघांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा कणकवलीजवळ सहा जणांचा ऑर्केस्ट्रा आहे, दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी. हळद, पूजा, वर्धापनदिन सगळं करतो, साउंड भाड्याने आणतो, सगळेजण नोकरीधंदा सांभाळून यात आहेत. मागच्या सीझनला तीन नाक्यांवर फ्लेक्स लावले, फेसबुकवर पैसे भरून पोस्ट बूस्ट केली, लाइक भरपूर आले, काही तर थेट नागपूरचे, पण त्यातून सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, एकही नाही. ज्या आल्या त्या ओळखीतूनच आल्या. यंदा सगळ्यांनी मिळून जाहिरातीला सहा हजार काढलेत, त्याच्या वर एक रुपया नाही. कुठे घालावेत? आणि शेजारच्या तालुक्यातला ग्रूप आमच्यापेक्षा कमी रेट सांगतो, आम्हीपण उतरवावा का?
— एक ढोलकीवाला, कणकवली तालुका

उत्तर : दादा, सुपाऱ्या ओळखीतूनच आल्या हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण तुमची खरी जाहिरात तिथेच चालू आहे, फक्त तिच्यावर तुम्ही आजपर्यंत पैसा लावलेला नाही. एक वही घ्या आणि मागच्या सीझनची एकेक सुपारी कुणाच्या तोंडून आली ते लिहून काढा, मांडववाला, केटरर, साउंडवाला, हॉलचा मॅनेजर, गायिकेची मावशी, जे असेल ते. दोन-तीन नावंच फिरून फिरून येतील बघा. सहा हजारातला मोठा वाटा त्या माणसांभोवती खर्च करायचा.

म्हणजे कसं, हळदीला गाणी ठेवायची की नाही हे घरात ठरायच्या आधीच मांडव ठरलेला असतो. मांडववाला अंगणात टेप लावून माप घेत असतो, बाजूला नवऱ्यामुलाचा काका उभा असतो आणि तो सहज विचारतो, गाण्याबिण्याचं कोण आहे काय हो तुमच्या बघण्यात? त्या मिनिटाला मांडववाल्याच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर आणि एक छोटा व्हिडिओ असला तर अर्धं काम झालं, नसला तर दुसऱ्या कुणाचातरी असतोच. तेव्हा अशा चार-पाच जणांकडे दिवाळीच्या आधी स्वतः जाऊन या, फोनवर उरकू नका, त्यांच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर ग्रूपच्या नावाने सेव्ह करून घ्या. सुपारीमागे त्यांना काय द्यायचं ते आधीच मोकळेपणाने बोला, पाच टक्के म्हणा, आठ म्हणा, आणि कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी न मागता पोचवा. ते पैसे यजमानाच्या बिलात मात्र चढवू नका, आपल्याकडे अशा गोष्टी वाडीत दोन दिवससुद्धा लपत नाहीत. तुम्हालाही कोणी मांडवाचं, केटरिंगचं विचारत असणारच, तेव्हा तुम्हीही त्यांचं नाव पुढे करा, टक्केवारीपेक्षा त्याचंच त्यांना जास्त अप्रूप असतं.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्याकडचे भलेभले ग्रूप विसरतात. तुमचं निम्मं गिऱ्हाईक कणकवलीत राहतच नाही. वाडीची सत्यनारायणाची पूजा, देवळाचा वर्धापनदिन, मे महिन्यातला कार्यक्रम, यांची वर्गणी आणि निर्णय दोन्ही मुंबईत होतात, ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई कमिटीत. पूर्वी लालबाग-परळ, आता डोंबिवली, दिवा, विरार, रविवारी कुणाच्यातरी घरी मीटिंग भरते आणि तिथे सेक्रेटरी विचारतो की यंदा काय ठेवायचं, डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, की ऑर्केस्ट्रा. तुमच्या नाक्यावरचा फ्लेक्स त्या खोलीत कसा दिसणार? पण तुमच्या सहा जणांची सहा गावं आहेत, त्यात बायकांची माहेरं धरा, मामांची गावं धरा, प्रत्येक गावाचं मंडळ आहे आणि प्रत्येक मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर कुणाकडेतरी आहेच. त्याला एकच मेसेज तयार करून ठेवा. ग्रूपचा एक फोटो, एक व्हिडिओ, किती कलाकार, किती तास, साउंड आणि गाडीभाडं धरून एकूण किती, नंबर. बस. त्याला तो मीटिंगमध्ये जसाच्या तसा वाचून दाखवता आला पाहिजे.

हे सगळं वेळेवर व्हायला पाहिजे मात्र. मे महिन्याच्या कार्यक्रमांचं शिमग्याच्या आधी विचारा, शिमग्याला चाकरमानी गावात येतात तेव्हा बरीच बोलणी तिथेच होऊन जातात. गणपतीसाठी सोपी खूण सांगते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडलं की गावागावाच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर तिकिटांची एकच बोंबाबोंब सुरू होते. अख्खं गाव त्या आठवड्यात मोबाईलला चिकटलेलं असतं, तुमचा मेसेज त्याच आठवड्यात जाऊ दे.

फ्लेक्स यंदा नकोच. आंगणेवाडीच्या जत्रेला पुढाऱ्यांचे एवढे फ्लेक्स लागतात की त्यात तुमचा देवीलासुद्धा दिसायचा नाही, शिवाय परवानगी न घेता सार्वजनिक जागी लावला तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहेच. त्याऐवजी एकच चांगलं कापड शिवून घ्या, कीबोर्डच्या स्टँडला पुढून लावायचं, त्यावर ग्रूपचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर, बाकी काही नाही, गणपती नाही, गिटार नाही, आगीच्या ज्वाळा तर नाहीच नाही. आकडे एवढे मोठे की मांडवाच्या मागच्या खुर्चीवरून काढलेल्या फोटोतसुद्धा वाचता आले पाहिजेत. कारण प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी शेजारच्याला विचारतोच, "खयचो ग्रूप हा?" आणि शेजारच्यालाही माहीत नसतं. लोक तुमचा व्हिडिओ काढतात, स्टेटसला ठेवतात, तो दोनशे जण बघतात आणि त्यात नाव-नंबर कुठेच नाही, ही फुकटची जाहिरात आपणच वाया घालवतो. निवेदकालाही सांगून ठेवा की नंबर मध्यावर सांगायचा, चांगलं गाणं होऊन टाळ्या पडल्या की लगेच. शेवटी सांगून उपयोग नाही, शेवटी लोक पंगतीत असतात.

व्हिडिओबद्दल. स्टुडिओत डब केलेला व्हिडिओ बघून कोणी सुपारी देत नाही, लोकांना बघायचं असतं की आपल्यासारख्याच अंगणात हे लोक कसे वाजवतात आणि समोरचे नाचतात की नुसते बसून असतात. फोन आडवा धरून स्पीकरच्या तोंडाजवळून शूट केलं की आवाज फाटतो, तेव्हा थोडं लांब, मधल्या रांगेत स्टँडवर फोन ठेवा, अर्धा वेळ स्टेज आणि अर्धा वेळ पब्लिक. तीस-चाळीस सेकंद पुरे. यूट्यूबची लिंक पाठवण्यापेक्षा फाइलच पाठवा, आपल्याकडे घाटीखालच्या वाड्यांत रेंजची काय तऱ्हा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. फेसबुक-इन्स्टावर सिनेमाची गाणी टाकलीत तर कॉपीराइटमुळे आवाज म्यूट होण्याची शक्यता असते, म्हणून तिथे ढोलकी-ऑक्टोपॅडची जुगलबंदी टाका. तुम्हीच ढोलकीवाले, तेव्हा ही सूचना तुम्हाला आवडेलच.

मोबाईलवर साधं व्हॉट्सॲप असेल तर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे, कॅटलॉगमध्ये तुमचे प्रकार आणि रेट टाकता येतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, म्हणून कार्यक्रम संपल्यावर यजमानाला नंबर सेव्ह करायला लावणं हे जाहिरातीचंच काम समजा. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवू नका, लोक म्यूट करतात. महिन्याला एक व्हिडिओ आणि मोकळ्या तारखा, एवढंच.

गूगलवर ग्रूपचं प्रोफाइल फुकट करता येतं, दुकान नसलं तरी चालतं, घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या तालुक्यांत जाता ते दाखवायचं. मुंबईत बसलेला नवरामुलगा कणकवलीतला ऑर्केस्ट्रा मोबाईलवरच शोधतो, तेव्हा तुम्ही सापडलात तर तो फोन तरी करील. यजमानांना दुसऱ्या दिवशी सकाळी, आनंद ताजा असतो तेव्हा, रिव्ह्यू लिहायची विनंती करा. पैसे देऊन रिव्ह्यू घेऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि भावोजी-मेहुण्यांनी लिहिलेले रिव्ह्यू कुणालाही ओळखू येतात.

बूस्ट करायचंच असेल तर हजाराच्या वर जाऊ नका. मागच्या वेळी नुसतं बटण दाबलं असणार, म्हणून नागपूरचे लाइक आले. कणकवली, कुडाळ, मालवण, देवगड एवढाच भाग निवडा, लाइकऐवजी मेसेज येतील असा पर्याय घ्या आणि दिवाळी ते तुळशीचं लग्न या दिवसांतच चालवा, मुंबईची माणसं घरी असतात आणि लग्नांची बोलणी निघतात. कापडाला हजार-दीड हजार जातील, एखाद्या कार्यक्रमाला चांगला व्हिडिओ काढणारा पोरगा बोलवा त्याचे हजार-दीड हजार, उरलेले मांडववाल्या-केटररकडे जाण्यायेण्याला आणि दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्सला.

रेट उतरवू नका. शेजारचा ग्रूप कमी सांगतो म्हणजे साउंड आणि गाडी वेगळी लावत असेल, तुम्ही सगळं धरून एकच आकडा सांगा आणि त्यात काय काय आलं ते लिहून द्या, मग गिऱ्हाईकच तुलना करील. ज्यांचं बजेटच लहान आहे त्यांच्यासाठी एक लहान प्रकार ठेवा, कीबोर्ड, ढोलकी, एक गायक-गायिका, दोन स्पीकर, दीड तास. माणसं कमी म्हणून पैसे कमी, त्यात सहा जणांचा रेट पडत नाही. प्रमोशन होईल म्हणून फुकट वाजवा असं कुठलं मंडळ म्हणालं तर अर्ध्या तासाच्या वर वाजवू नका, आणि त्या बदल्यात स्टेजवर तुमचं कापड आणि कमिटीच्या ग्रूपवर तुमचा मेसेज एवढं आधी कबूल करून घ्या.

आणि एक, दहाची वेळ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले मोजकेच दिवस बारापर्यंत सूट देतं. लाउडस्पीकरची पोलीस परवानगी कोण काढणार, तुम्ही की यजमान, ते सुपारी घेतानाच ठरवा. माझं म्हणणं, हे लपवण्यापेक्षा मेसेजमध्येच टाका की साडेसहाला सुरू आणि पावणेदहाला बंद. वाडीतली म्हातारी माणसं आणि गावचे पोलीस पाटील दोघं खूश, आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव सुचवलं तर कोणी विरोध करत नाही. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण हॉटेलातली थर्टी फर्स्टची पार्टी किंवा तिकीट लावलेला शो त्यात येत नाही, तिथे गाण्यांचं लायसन्स कोण काढणार ते हॉटेलवाल्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : ताई, मी दापोलीत मुलांसाठी बोलक्या बाहुल्यांचे आणि जादूचे कार्यक्रम करते, मिस्टर साउंड सांभाळतात. वाढदिवस मिळतात पण तेवढ्यावर भागत नाही. कर्दे, मुरूड, लाडघर बाजूला एवढी हॉटेलं आणि होमस्टे आहेत, तिथे विचारलं की म्हणतात या, करा, तुमचीच जाहिरात होईल. पैसे द्यायचं नाव नाही. काय करू?
— बाहुलीवाली, दापोली

उत्तर : ताई, होमस्टेवाल्याला तुम्ही कार्यक्रम विकताय, त्याला तो नकोच आहे. त्याची खरी डोकेदुखी वेगळी आहे. सकाळी डॉल्फिन बघून झाले, दुपारी मासे खाऊन झोप झाली, सूर्य बुडाला की किनाऱ्यावर काळोख, आणि सात ते नऊ या वेळात पोरं कंटाळून व्हरांड्यात नुसता दंगा करतात, आयांचं निम्मं लक्ष मोबाईलमध्ये आणि निम्मं स्वयंपाकघराकडे की जेवण कधी होतंय. ती वेळ त्याला विका. सात ते पावणेआठ, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, जेवणाच्या आधी. त्याच्या बायकोलाही स्वयंपाकाला तेवढी फुरसत मिळते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच होमस्टेत निर्णय तीच घेते, तिच्याशीच बोला.

एकट्या होमस्टेला तुमचे पैसे परवडणार नाहीत, चार-पाच खोल्याच असतात. जवळजवळच्या तिघा-चौघांना एकत्र करा, शनिवारी एकाच्या अंगणात सगळ्यांचे पाहुणे, पैसे खोल्यांच्या हिशेबाने वाटून. कमीत कमी आकडा ठरलेलाच असू दे, पाहुणे कमी आले तरी तो मिळाला पाहिजे, पोरांमागे पैसे असं ठेवलंत तर आई-बाप मागे उभे राहून फुकट बघतात. होमस्टेवाला पाहुण्यांना बुकिंग झाल्यावर लोकेशन पाठवतो ना, त्याच मेसेजमध्ये एक ओळ टाकायला सांगा, शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ आहे म्हणून.

आता तो पैसे का देईल? रिव्ह्यूसाठी देईल. खेळ संपला की आई-बापांना सांगा, मजा आली असेल तर या घराच्या गूगल रिव्ह्यूमध्ये बाहुल्यांबद्दल दोन शब्द लिहा. तुमच्या पेजवर नको, त्याच्या पेजवर. एखाद्या पुणेकर बाईने लिहिलं की माझ्या मुलाला समुद्रापेक्षा बाहुलीच जास्त आवडली, की तो होमस्टेवाला पुढच्या शनिवारी स्वतः फोन करील. आणि पोरांचे फोटो-व्हिडिओ टाकायच्या आधी पालकांना विचारत जा, हल्ली लोकांना आवडत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

शाळांचं म्हणाल तर स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत असतात, दिवाळीची सुट्टी संपली की लगेच मुख्याध्यापकांना भेटा, नंतर बजेट संपलेलं असतं. जमलं तर एकदा कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन या. तिथल्या ठाकर कलाकारांनी चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या टिकवल्यात, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे लोक स्वतः चालत जातात, कारण त्यांनी गावातच संग्रहालय उभं केलंय. तुमच्याकडे जागा असेल तर दर रविवारी ठरलेल्या वेळी घरच्या पडवीत छोटा खेळ ठेवून बघा, पहिले काही रविवार पाच पोरं आली तरी चालू ठेवा, पर्यटकाला सांगायला एक ठरलेला वार मिळतो. वाढदिवसाच्या ऑर्डरी त्यातूनच वाढतील, बाहेर शोधत फिरावं लागणार नाही.

प्रश्न : आमची वेंगुर्ले तालुक्यात नवीन दशावतार मंडळी आहे. अख्खं नाटक यूट्यूबवर लाइव्ह केलं तर पुढे कोण बोलावणार नाही असं आमचे जुने नट म्हणतात, आणि पोरं म्हणतात लाइव्ह करूयाच. कोणाचं ऐकू?
— एक मालक

उत्तर : मालक, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. जत्रेतलं नाटक प्रेक्षकाला फुकटच असतं, पैसे देवस्थान किंवा मंडळ देतं, त्यामुळे लाइव्ह केल्याने तिकीट बुडण्याचा प्रश्न नाही, उलट मुंबईतला कमिटीवाला घरबसल्या बघतो. पण दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट रंगात येऊन जे बोलतो ते त्या रात्रीचं असतं, आणि जुन्या नटाला आपली ठेवणीतली वाक्यं पोरंटोरं कापून रील करतात याचा राग येतो, तो राग मला पटतो. म्हणून अख्खं नाटक नको. एखादा युद्धाचा प्रसंग, संकासुराच्या विनोदी पात्राची पाच मिनिटं, एखादं पद, एवढंच टाका, नटाला दाखवून, त्याचं नाव खाली लिहून. आवाजासाठी फोनला साधा कॉलर माइक जोडा, पेटी-मृदंगाच्या शेजारी ठेवलेला, नाहीतर नुसती झांजच ऐकू येते.

त्याहून जास्त उपयोगाचं एक काम आहे आणि त्याला खर्च शून्य. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रसिक रोज विचारत असतात आज कोणाचं नाटक कुठे. तुमच्या आठवड्याच्या तारखा, गाव, देऊळ, नाटकाचं नाव आणि अंदाजे वेळ अशी यादी दर रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपला टाका आणि स्थानिक पेपरच्या वार्ताहरालाही पाठवा. ज्या दिवशी तारीख मोकळी आहे तिथे "मोकळी" असंच लिहा, लाजू नका. शेजारच्या गावात ऐनवेळी दुसऱ्या मंडळीचा नट आजारी पडला तर फोन तुम्हालाच येईल.